खांब उभे, घरं गायब!

ग्वाम म्हटलं की बीच आणि शॉपिंग, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण बॉस, हागात्न्यामधलं लात्ते पार्क चुकवू नका!

लात्ते म्हणजे दोन तुकड्यांचा दगडी खांब. खाली उभा ‘हालिगी’, वर वाटीसारखा ‘तासा’. अशा दोन रांगांवर चामोरो लोक साधारण इ.स. ९०० ते १७०० या काळात घरं बांधायचे. पूर्वजांना पुरायचे तेही घराजवळच. १६६८ मध्ये स्पॅनिश मिशनरी आले. मग लढाया, रोगराई, सक्तीचं स्थलांतर. घरं ओस पडली.

पार्कातले आठ लात्तेही मूळचे इथले नाहीत. ते दक्षिणेतल्या फेना भागातून आणलेत, आणि तो भाग आज अमेरिकी नौदलाकडे आहे. शेजारच्या टिनियन बेटावरच्या ‘तागाच्या घरा’चे खांब तर सुमारे १५ फुटी! बारापैकी एकच उभा उरलाय.

२००९च्या अमेरिकी नाण्यावर लात्ते झळकला, छानच. मला मात्र भावलं ते वेगळंच. आजही कित्येक चामोरो रानात शिरताना पूर्वजांची परवानगी मागतात. तेव्हा फोटो काढा, पण खांबांना टेकून नको. कुणाचं तरी घर आहे ते.