तणमोर पुन्हा माळावर येईल काय?

वाशीम आणि अकोला जिल्ह्यांच्या माळरानावर राहणाऱ्या जुन्या जाणत्या मंडळींना तणमोर हा पक्षी परिचित आहे. पावसाळ्यात गवतातून एकाएकी पुरुषभर उंच उडी मारून पुन्हा तेथेच दिसेनासा होणारा हा पक्षी आता क्वचितच दृष्टीस पडतो. दुर्मिळ पक्ष्यांची पिंजऱ्यात पैदास करून त्यांना निसर्गात सोडण्याचे प्रयत्न देशात व परदेशात चालू आहेत. असे पक्षी आपल्या माळावर टिकतील काय, आणि त्यात शेतकऱ्याचा वाटा कोणता, याचा विचार येथे केला आहे.

पक्ष्याची ओळख

तणमोर हा माळढोकाच्या कुळातील सर्वांत लहान पक्षी होय. नराचे वजन सुमारे अर्धा किलो असते. मादी त्याहून थोडी मोठी असते. विणीच्या काळात नराचे डोके, मान व पोट काळेभोर होते आणि डोक्यामागे फितीसारखी लांब पिसे येतात. मादीला आकर्षित करण्यासाठी तो दिवसातून शेकडो उड्या मारतो. मादी जुलै ते सप्टेंबर या काळात जमिनीवरच तीन ते चार अंडी घालते. ती सुमारे तीन आठवड्यांत उबतात. नाकतोडे, भुंगेरे, केसाळ अळ्या व हिंगे हे त्याचे मुख्य खाद्य आहे, म्हणजे तो पिकाचा शत्रू नव्हे.

पावसाबरोबर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश व महाराष्ट्राच्या काही भागांत वीण करावयाची आणि पाऊस संपला की दूर जावयाचे, असा त्याचा क्रम आहे. राजस्थानातील अजमेर भागात संदेशयंत्र बसविलेला एक तणमोर आपल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यापर्यंत आल्याची नोंद आहे.

संख्या का घटली?

सन १९८२ मध्ये देशात सुमारे ४,३७४ तणमोर असावेत असा अंदाज होता. १९८९ मध्ये तो १,६७२ पर्यंत खाली आला. मध्यंतरी चांगल्या पावसाच्या वर्षांत संख्या थोडी सावरली, परंतु पुढे पुन्हा झपाट्याने घटली. २०२१ मध्ये जागतिक यादीत त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत करण्यात आला.

पूर्वी शिकार हे एक कारण होते. आज मुख्य कारण गवताळ जमिनीचा ऱ्हास हेच आहे. गायराने व ई-क्लास जमिनी वहितीखाली आल्या, काही ठिकाणी झाडे लावून माळाचे रूप बदलले, आणि उरलेल्या जमिनीवर पावसाच्या पहिल्या सरीपासूनच चराई सुरू होते. गवत गुडघ्याएवढे होण्यास अवसरच मिळत नाही. मग मादी सोयाबीनच्या शेताचा आसरा घेते आणि तेथे डवरणी, निंदण व फवारणीत अंडी व पिले नष्ट होण्याचा धोका असतो.

पैदास करून सोडणे : सोपे की कठीण?

केंद्रीय पर्यावरण मंत्रालय, राजस्थान वन विभाग व डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी माळढोक व तणमोराच्या पैदाशीचा कार्यक्रम हाती घेतला आहे. जैसलमेर जिल्ह्यात सम येथे २०१९ पासून रानातून आणलेली माळढोकाची अंडी यंत्रात उबवून पिले वाढविण्यात आली. तणमोरासाठी बारां जिल्ह्यात सोरसन येथील केंद्र निवडण्यात आले.

अंडे उबविणे हा या कामाचा सोपा भाग आहे. माणसाच्या हातून वाढलेल्या पिलाला कोल्हा, कुत्रा व ससाणा यांची भीती शिकवावी लागते, भक्ष्य शोधण्याची सवय लावावी लागते आणि हळूहळू मोकळे सोडावे लागते. इंग्लंडमध्ये मोठा माळढोक १८३२ नंतर वीण करीनासा झाला होता. २००४ पासून तेथे रशियातून आणलेले पक्षी सोडण्यास सुरुवात झाली. शेतीकामात नष्ट होणार होती अशी अंडी रशियातील शेतांतून गोळा करून ही पिले वाढविली होती. तरीही इंग्लंडच्या रानात पहिली पिले दिसण्यास २००९ साल उजाडले.

स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत अडचण दुप्पट आहे. त्याला विणीची जागा हवी, हिवाळ्यातील जागा हवी आणि मधला मार्गही निर्धोक हवा. उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांना धडकून हे पक्षी मरतात; त्यामुळे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक व तणमोर या दोहोंच्या रक्षणासाठी आदेश दिला. बियाणे कितीही उत्तम असले तरी जमीन तयार नसताना पेरले तर उगवत नाही. तोच न्याय येथेही लागू पडतो. आधी गवत, मग पक्षी.

अभयारण्याची भीती

पक्षी दिसला की जमीन जाईल, अशी धास्ती शेतकऱ्यांच्या मनात असते, आणि ती निराधार नाही. सोलापूर-अहमदनगर भागात १९७९ मध्ये माळढोकासाठी सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात खासगी शेते व गावेही आली, जमिनीच्या व्यवहारांत अडचणी उभ्या राहिल्या आणि पक्ष्याविषयी रोष वाढला. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करावे लागले, परंतु तोवर माळढोक जवळपास नाहीसा झाला होता.

याउलट मध्य प्रदेशात सैलाना भागात तणमोराची माहिती देणाऱ्या व त्याला सांभाळणाऱ्या शेतकऱ्यास बक्षीस देण्याची योजना वन विभागाने राबविली. आपल्याकडे अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ संस्थेने फासेपारधी बांधवांना सोबत घेऊन गवताळ जमिनी राखण्याचे काम केले. पिढ्यान्‌पिढ्या पाखरांचा माग काढणारे हे लोक उत्तम राखणदार ठरतात. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याचा माळही आपल्याच जिल्ह्यात आहे.

शेतकरी बंधूंनी काय करावे?

१) गावाच्या ई-क्लास जमिनीचे ग्रामसभेच्या संमतीने तीन-चार भाग पाडावेत. त्यातील एक भाग जुलै ते सप्टेंबर चराईस बंद ठेवावा व दरवर्षी भाग बदलावा. मारवेल, पवन्या यांसारखी चांगली गवते त्यामुळे टिकतात.

२) राखीव भागातील वैरण ऑक्टोबरमध्ये कापावी. कापणी मध्यापासून कडेकडे करावी, म्हणजे पिलांना बाहेर पळता येते. ज्वारीचे क्षेत्र घटल्याने कडबा कमी झाला आहे. अशा वेळी राखलेले गवत उन्हाळ्यात उपयोगी पडते.

३) सोयाबीनमध्ये घरटे आढळल्यास अंड्यांना हात लावू नये. भोवतीचा लहानसा तुकडा सुमारे महिनाभर डवरणी व फवारणीविना सोडावा. कुत्री दूर ठेवावीत, गर्दी करू नये व वनरक्षकास कळवावे.

४) फवारणी किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच करावी. सुरुवातीस ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा.

५) माळाला आग लावू नये आणि चांगल्या गवताच्या जमिनीवर सरसकट वृक्षलागवड करू नये.

यापैकी कोणत्याही कामासाठी सातबाऱ्यावरील हक्क सोडावा लागत नाही. राखलेल्या गवतात तणमोर याच वर्षी येईल असे नाही. परंतु जनावरांना वैरण मिळेल, बांधाकडची माती धुपणार नाही. आणि उद्या पैदास केंद्रातील पिले सोडण्यासाठी जागा शोधण्याची वेळ आली, तर दाखविण्याजोगा माळ आपल्या गावी शिल्लक असेल.