ओल मोजली तरच मोल कळेल

परभणीच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव ठरताना दाण्यातल्या ओलाव्यावर बोट ठेवले जाते. हमीभाव खरेदीत त्याची मर्यादा 12 टक्के. 2024च्या खरीप हंगामात ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल झाली. या तीन टक्क्यांची खरी किंमत किती? 15 टक्के ओलाव्याच्या क्विंटलभर मालात कोरडा ऐवज 85 किलो असतो. तो 12 टक्क्यांपर्यंत वाळवला की वजन सुमारे 96.6 किलो भरते. म्हणजे पाण्यापोटी न्याय्य घट साडेतीन किलोंच्या आतच राहते. वाळवणीचा खर्च धरूनही कपात याहून फार जास्त असेल, तर हिशेब मागता यायला हवा. त्यासाठी ओलाव्याचा आकडा शेतकऱ्याकडे आधीच हवा.

हा आकडा देणारा ओलावामापक दाण्यांचे विद्युत गुणधर्म मोजून अंदाज देतो, म्हणून तो चुकू शकतो, हा आक्षेप खराच. पण भट्टीत नमुना वाळवून यंत्र पडताळता येते आणि पोत्याच्या वरून, मधून, तळातून दाणे घेतले की चूक घटते. पैशाची निकड असलेल्याला माल वाळवायला सवड नसते, हेही खरे. मात्र ओला माल विकणाऱ्यालाच नेमक्या आकड्याची गरज अधिक. गावात सामायिक यंत्र ठेवले, तर खर्चही विभागतो.