धान वाळविण्याच्या यंत्रातील गरम व गार हवेचे नियमन

गोंदिया जिल्ह्यात धानाचे पीक वर्षातून दोनदा निघते. खरिपाचे धान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणीस येते. इटियाडोह व बाघ प्रकल्पांच्या कालव्यांवर, तसेच विहिरींच्या पाण्यावर घेतलेले उन्हाळी धान मे महिन्यात निघते. दोन्ही वेळी अवकाळी पावसाची धास्ती असते. बांधीत पडलेल्या कडपा भिजल्या किंवा पुंजणे आतून तापले, म्हणजे दाणा पिवळा पडतो. हार्वेस्टरमधून थेट आलेल्या धानातही २० ते २२ टक्के ओलावा असणे नेहमीचेच आहे. आधारभूत खरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. भरडाईस व साठवणीस तो १४ टक्के असावा लागतो आणि बियाण्यास १३ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. आभाळ भरलेले असता हे अंतर खळ्यावर काटता येत नाही. अशा वेळी ड्रायरचा आधार घ्यावा लागतो.

शेतकरी गटांना परवडणारा ड्रायर म्हणजे जाळीचा तळ असलेली एक मोठी पेटी होय. जाळीखाली हवेची कोठी असते. एका बाजूस धानाच्या तुसावर चालणारी भट्टी व पंखा बसविलेला असतो. पंखा भट्टीच्या तापलेल्या नळ्यांवरून हवा ओढतो व ती कोठीतून धानात वर ढकलतो. भट्टी शांत करून बाहेरील हवेची झडप पूर्ण उघडली, म्हणजे तेच यंत्र गार हवा देऊ लागते. वाळविणे आणि थंड करणे ही दोन्ही कामे एकाच पंख्यावर होत असल्याने त्या पंख्याची हवा बरोबर आहे किंवा नाही, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे ठरते.

पुष्कळ ठिकाणी मात्र लक्ष राहते ते विस्तवावर. धान लवकर वाळावे म्हणून तूस वाढविला जातो, किंवा हवेचा मार्ग थोडा बंद केला जातो. मार्ग बंद करताच तापमापकातील पारा चढतो आणि यंत्र जोरात चालले आहे असा समज होतो. प्रत्यक्षात घडते ते उलट. पाणी वाहून नेते ती हवा. विस्तव केवळ तिची पाणी पिण्याची शक्ती वाढवितो. २२ टक्के ओलाव्याचे एक क्विंटल धान १४ टक्क्यांवर आणावयाचे तर सुमारे ९.३ किलो पाणी काढावे लागते. नोव्हेंबरातील २८ अंश सेल्सिअसची, ७० टक्के आर्द्रतेची हवा ४३ अंशांपर्यंत तापविली, तर तिची आर्द्रता सुमारे ३१ टक्क्यांवर येते; तरीही तिचा एक घनमीटर फार तर ५-६ ग्रॅम पाणी उचलतो. म्हणजे एका क्विंटलमागे दीड ते दोन हजार घनमीटर हवा धानातून गेलीच पाहिजे. ती गेली नाही तर खालचा थर करपतो, वरचा ओला राहतो, आणि तडकलेला दाणा गिरणीत जाऊन त्याची कणी होते. अख्ख्या तांदळाचा व कणीचा भाव यांतील फरक गोंदियाच्या बाजारात कोणास सांगावयास नको.

म्हणून हवा आधी लावावी व विस्तव मागाहून. धानातील काडीकचरा व मातीचे खडे उफणून काढावेत, कारण कचऱ्याचा ढीग जेथे पडतो तेथे हवा चढत नाही. पेटीत धान सर्वत्र सारख्या जाडीने, साधारण ३० सेंटिमीटर पसरावे. कोपऱ्यांत तो पातळ राहिला तर हवा तेथूनच निसटते. मग भट्टी न पेटविता पंखा सुरू करावा. कोठीच्या भिंतीस बारीक छिद्र पाडून त्यास प्लास्टिकच्या पारदर्शक नळीचे एक टोक लावावे. नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तीत रंगीत पाणी भरावे. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतील फरक हा कोठीतील दाब होय. स्वच्छ धानाचा ३० सेंटिमीटरचा थर असता हा फरक १५ ते २५ मिलिमीटर आला, तर धानातून मिनिटास साधारण ९ ते १२ मीटर वेगाने हवा चढत आहे असे समजावे, आणि तेवढी पुरेशी आहे.

फरक २५ मिलिमीटरपेक्षा बराच वाढला म्हणजे हवा वाढली, असा अर्थ घेऊ नये. थर जाड झाला किंवा कचऱ्याने मार्ग तुंबला तरी दाब वाढतो आणि हवा घटते. उलट, फरक फारच कमी असेल तर कोठीच्या सांध्यांतून हवा गळत असावी. सांध्याजवळ पेटती उदबत्ती धरली असता धूर बाहेर ढकलला जातो व गळती लगेच दिसते. पंख्याचा पट्टा सैल पडला तरी हेच होते.

याहून फसवे कारण एक आहे. थ्री-फेज मोटारीची जोडणी गावात वायरिंगची दुरुस्ती झाल्यावर उलटते आणि पंखा उलटा फिरू लागतो. ब्लोअर जातीचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर पडते, पण ती बरीच कमी. आवाज येतो, वाराही लागतो. म्हणून कोणास संशय येत नाही, आणि धान दिवसभर वाळत पडते. पंख्याच्या कवचावरील बाणाशी फिरण्याची दिशा दर हंगामास ताडून पाहावी. दिशा उलटी आढळल्यास वायरमनकडून तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करून घ्यावी.

आता भट्टी पेटवावी. कोठीतील हवा भरडाईच्या धानासाठी ४३ अंशांच्या आसपास ठेवावी. बियाण्यासाठी ४० अंशांवर जाऊ नये, कारण अंकुर मरतो. पारा चढला तर बाहेरील हवेची झडप उघडावी किंवा तूस कमी करावा. पंख्याचे तोंड दाबू नये. धानास धुराचा वास येऊ लागला तर भट्टीच्या नळीस भोक पडले असे समजून काम थांबवावे. दुसरा तापमापक धानाच्या वरच्या थरालगत ठेवावा. आरंभी वरून निघणारी हवा गार व दमट असते. ती गरम होऊ लागली, म्हणजे वरचा थरही वाळत आला. मध्यंतरी एकदा फावड्याने खालचे धान वर व वरचे खाली करावे.

ओलावामापक नसल्यास वजनाने काम चालते, मात्र आरंभीचा ओलावा खरेदी केंद्रावर किंवा गिरणीत मोजून घेतलेला असावा. जाळीच्या पिशवीत १० किलो धान भरून ती पेटीच्या मध्यावर पुरून ठेवावी. २२ टक्क्यांचे धान १४ टक्क्यांवर आले की पिशवी सुमारे ९ किलो ७० ग्रॅम भरते. मापक असेल तर गरम दाणा त्यात टाकू नये, आकडा खोटा येतो. नमुना बंद डब्यात थंड होऊ द्यावा.

गार हवेचा भाग लोक टाळतात, कारण पंख्याची वीज वाया जाते असे वाटते. पण गरम धान पोत्यात भरले तर पोत्याच्या आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. तथापि थंड करणे एकाएकी होऊ नये. विस्तव अर्ध्या तासात हळूहळू उतरवावा, मग झडप पूर्ण उघडून पंखा अर्धा ते एक तास चालवावा, आणि दाणा बाहेरील हवेच्या तीन-चार अंशांत आला की लगेच बंद करावा. नोव्हेंबरच्या रात्री दव पडते. त्या दमट हवेत पंखा पहाटेपर्यंत चालू ठेवल्यास खालचा कोरडा थर पुन्हा पाणी पितो आणि तडकतो. दिवसभराचे काम बिघडते. म्हणून शक्य तर वाळविण्याचा घाणा दुपारी तीन-चारपर्यंत आटोपावा.

मे महिन्याची गोष्ट वेगळी आहे. गोंदियात तेव्हा पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. त्या हवेस आणखी तापविणे म्हणजे धान जाळणे होय. दुपारी केवळ पंखा पुरे. भट्टी लावावी ती वळवाचा पाऊस पडून हवा दमट झाली तरच.

उकड्या तांदळाच्या गिरण्यांतील उंच मनोऱ्यासारखे ड्रायर अमेरिकेतील लुइझियाना राज्य विद्यापीठात विकसित झालेल्या पद्धतीचे आहेत. त्यांत धान वरून खाली सरकते व मध्ये विश्रांतीस ठेवले जाते. तेथील तापमानाचे आकडे गटाच्या पेटीस लावू नयेत.

वीज गेली तर पंखा थांबतो, पण विस्तव थांबत नाही. तूस टाकणे तत्काळ बंद करावे, विस्तव दाताळ्याने बाहेर ओढावा आणि कोठीचे दार उघडावे. तापलेल्या नळीवर पाणी ओतू नये, ती तडकते. ओढलेल्या विस्तवावर टाकण्यासाठी वाळूच्या दोन बादल्या भट्टीजवळ ठेवाव्यात आणि तुसाचा ढीग तेथून दूर असावा.