मक्याची पिशवी, तेलाचं पोट

ऑफिसातून सुटायचं, डोंबिवली फास्टमध्ये कशीबशी उभं राहायला जागा मिळवायची आणि फडके रोडवर भाजी उरकून घर गाठायचं. हे आपलं नेहमीचं रूटीन! गेल्या पावसाळ्यात तिथल्याच एका दुकानदाराने हिरवी, मऊ पिशवी पुढे केली. वर ठळक अक्षरं, ‘आय अ‍ॅम नॉट प्लास्टिक’. ‘ताई, मक्याची आहे, बिनधास्त घ्या!’ पाच रुपये एक्स्ट्रा. दिले. एकदम कूल वाटलं. पण घरी आल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला, आपण नक्की घेतलं काय?

मार्च २०१८ ची राज्यातली प्लास्टिकबंदी आठवतेय? पिशवी दिसली की पाच हजारांचा दंड! २०२२ च्या अखेरीस मात्र कंपोस्टेबल वस्तूंना सवलत मिळाली, अट एवढीच की ‘सिपेट’ आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकेट हवं. म्हणून पिशवीवर आधी उत्पादकाचं नाव आणि सर्टिफिकेट नंबर शोधा. माझ्या पिशवीवर दोन्ही नव्हतं.

आता त्या मक्याची गोष्ट. मका किंवा उसातली साखर आंबवून लॅक्टिक अ‍ॅसिड मिळतं, तेच ते दही आंबट करणारं. त्यापासून बनतं पीएलए. पण ते कडक आणि ठिसूळ. कपाला ठीक, पिशवीला नाही. पिशवी मऊ व्हावी म्हणून त्यात किंवा स्टार्चमध्ये पीबीएटी मिसळतात आणि ते बहुतेक वेळा खनिज तेलापासूनच बनतं! म्हणजे ‘मक्याच्या’ पिशवीच्या पोटात बरंचसं तेलच. उलट ब्राझीलची ब्रास्केम कंपनी २०१० पासून उसापासून पॉलिथिन बनवते. मूळ शंभर टक्के शेतातलं, पण कुजणार कधीच नाही. कशापासून बनलं आणि शेवटी कुजतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जाहिरातवाले त्यांची बेमालूम भेळ करतात.

खर्चाचं म्हणाल, तर हा कच्चा माल साध्या प्लास्टिकच्या साधारण दुप्पट-तिप्पट भावाचा. आंबवणं, शुद्ध करणं, मग साखळी जोडणं, एवढे सोपस्कार आणि कारखाने मोजके. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला, त्यामुळे आशा आहे. पण ऊस म्हटलं की पाणी आलंच. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ मध्ये पिशव्यांचा हिशेब मांडला, तेव्हा स्टार्च-पॉलिस्टरची पिशवी तापमानवाढीच्या बाबतीत साध्या पातळ पिशवीपेक्षा वाईट निघाली. आणि कापडीवाल्यांनो, फार खूश होऊ नका! सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तर कुठे ती एकदाच वापरलेल्या पातळ पिशवीच्या बरोबरीला येते. सेमिनारमध्ये फुकट मिळालेल्या, कपाटात घडी करून ठेवलेल्या त्या सात पिशव्या आठवल्या ना?

खरी गोची पुढेच आहे. ‘कंपोस्टेबल’ म्हणजे साधारण ५८ अंशांच्या औद्योगिक कंपोस्टमध्ये सहा महिन्यांत कुजणारं. सोसायटीच्या ड्रममध्ये एवढी उष्णता सलग टिकत नाही. सुक्या कचऱ्यात टाकली तर रिसायकलिंगचा माल बिघडतो, डम्पिंगवर गेली तर हवेअभावी मिथेन. ज्या कल्याण-डोंबिवलीत कचऱ्यापायी २०१५ मध्ये हायकोर्टाने नवी बांधकामं थांबवली होती, तिथे ओला-सुका वेगळा करण्याची सवय अंगवळणी पडायलाच वर्षं गेली. आता हा तिसरा प्रकार कुठल्या डब्यात?

हां, ठाण्यातल्या एखाद्या मोठ्या ऑफिसच्या कॅन्टीनचा ओला कचरा थेट नीट चालणाऱ्या कंपोस्ट प्रकल्पात जात असेल, तर तिथे या पिशव्यांना नक्कीच अर्थ आहे. कचरा वेगळा काढत बसावं लागत नाही. भाजीवाल्याकडे मात्र मला तरी दिसत नाही.

माझी पिशवी? कांद्याच्या सालींसकट बाल्कनीतल्या कुंडीत पुरली होती. चार महिन्यांनी उकरून पाहिलं. सालींची माती झालीये. पिशवीचे तुकडे झालेत, पण ‘नॉट प्लास्टिक’ अजून वाचता येतंय.