बाड्यावरचं ऊन, लेन्सवरचे आकडे

जुन्या मॅन्युअल लेन्सच्या अंगावर आकड्यांच्या तीन ओळी कोरलेल्या असतात. एका कड्यावर अंतर, मीटरमध्ये आणि फुटांत. दुसऱ्यावर अ‍ॅपर्चर: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. या दोन कड्यांच्या मधल्या पट्टीवर तेच अ‍ॅपर्चरचे आकडे पुन्हा, मध्यरेषेच्या डाव्या-उजव्या अंगाला जोडीजोडीने. ऑटोफोकस आला आणि ही मधली पट्टी बहुतेक लेन्सवरून गेली. रस्त्यावर फिल्म कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याचं सगळं काम मात्र तिच्यावरच चालतं.

३५ मिलिमीटरची लेन्स घ्या. अ‍ॅपर्चर ८ वर, फोकस ३ मीटरवर. मधल्या पट्टीवरच्या एका ८ समोर साधारण २ मीटरचं अंतर येतं, दुसऱ्या ८ समोर ७ मीटरचं. म्हणजे दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत जो कुणी समोर येईल तो निगेटिव्हवर स्पष्ट उमटणार. आता फोकसच्या कड्याला हात लावायचं कारणच नाही. कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि बटण दाबायचं. यंत्राने अंतर शोधावं, मग ते पक्कं करावं, मग शटर उघडावं, ही सगळी साखळीच गळून पडते.

अंतराचं असं निभतं. उजेडासाठीही तितकाच जुना आणि तितकाच भरवशाचा नियम आहे. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर १६ ठेवायचं आणि शटर फिल्मच्या स्पीडच्या आसपास. ४०० ची फिल्म असेल तर १/५००. उघड्या सावलीत तीन स्टॉप उतरायचे, म्हणजे त्याच शटरला ५.६. दोन्ही बाजूंनी उंच घरं असलेल्या गल्लीत आणखी दोन उतरायचे, १/१२५ पर्यंत. कृष्णधवल निगेटिव्ह या बाबतीत मोठी सहनशील असते. उजेड दोन स्टॉप जास्त पडला तरी प्रिंट करताना सांभाळून घेता येतं. कमी पडला तर मात्र सावल्यांत काहीच उरत नाही, म्हणून शंका आली की उजेडाला एक माप जास्तच द्यावं.

हा नियम वापरायला ग्वाल्हेरइतकं सोयीचं गाव मला दुसरं दिसत नाही. पावसाळा सरला की इथलं आकाश महिनोन्‌महिने एकसारखं राहतं. आणि हिवाळ्यात ऊन तिरकं असतं. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४० अंशांवर असतो, म्हणजे माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा लांब. इथे पौष महिन्यात दिवसभर बाजूचा उजेड आहे. जूनमध्ये तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर, ८७ अंशांवर येतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि चेहऱ्यावर काहीच उरत नाही. डिसेंबरअखेर ते जानेवारी या काळात सकाळी दाट धुकं असतं. तेव्हा १६ चा नियम बाजूला ठेवून सरळ ४ आणि १/६० वर यावं.

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागाची रचनाही कामाची. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ टाकला, तोच पुढे शहर झाला. मधे महाराज बाडा: मोकळा, गोलसर, भोवती टाउन हॉल, पोस्ट ऑफिस, व्हिक्टोरिया मार्केट, गोरखीचा दरवाजा, प्रत्येक इमारत वेगळ्या शैलीची आणि बरीचशी फिकट दगडाची. हा दगड ऊन परतवतो, त्यामुळे बाड्याच्या सावलीच्या बाजूलाही चेहऱ्यांवर मऊ उजेड राहतो. बाड्यापासून चहूकडे गल्ल्या फुटतात. सराफा, दौलतगंज, पाटणकर बाजार, फालका बाजार, चिटणीस की गोठ. नावांत अजून सरदार-दरकदार नांदताहेत, दुकानांच्या वर जुन्या वाड्यांचे सज्जे आहेत. ऊन-सावलीची रेघ या गल्ल्यांत रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या भिंतीवरून सरकते. ती रेघ ज्याला पाठ आहे त्याला मीटर लागत नाही. कोपरा वळण्याआधीच त्याचा अंगठा अ‍ॅपर्चरचं कडं फिरवून मोकळा झालेला असतो. रस्त्यावरच्या फिल्म फोटोग्राफीचं मर्म मला यातच दिसतं. कॅमेऱ्यात अक्कल घातलेली नाही, म्हणून ती गावाबद्दल आपल्याजवळ असावी लागते.

ग्वाल्हेरला कॅमेरा काही नवा नाही. लाला दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून इंदूरला सरकारी नोकरीत आले. १८८२ मध्ये इंग्रज अधिकारी सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य भारताचा दौरा केला, आणि त्यातून १८८६ मध्ये जो ग्रंथ निघाला त्यात ग्वाल्हेरचा किल्ला आहे. तिपाई, मोठा लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटा. किल्ल्यातल्या मानमंदिराची नक्षी त्यांनी जशी टिपली तशी आजही क्वचितच कुणी टिपत असेल. पण त्या सामानाला स्थिर उभी राहणारी वस्तू हवी होती. चालता माणूस, वळलेली मान, अर्धवट उचललेला हात हे त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं.

ते आवाक्यात आलं ऑस्कर बारनाकच्या छोट्या कॅमेऱ्यामुळे. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी चालवून त्याने १९१३-१४ मध्ये नमुना बनवला आणि १९२५ मध्ये लायका लाइपझिगच्या जत्रेत विक्रीला आला. कोटाच्या खिशात मावणारा, एका रोलवर ३६ फोटो देणारा. फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये हिंदुस्थानात फिरला तो लायका आणि ५० मिलिमीटरची लेन्स घेऊनच. त्याला १९६६ मध्ये जयपुरात काम करताना पाहणाऱ्यांत एक तरुण होता, रघुबीर सिंग. पुढे त्याने गुरूचा कृष्णधवल रंग सोडला आणि कोडाक्रोमवर भारतातले रस्ते टिपले. मला स्वतःला लष्कर कृष्णधवलमध्ये जास्त खरं वाटतं, पण रघुबीर सिंगांचं काम पाहिल्यावर त्या मताला आडमुठेपणाने चिकटून राहणं कठीण होतं.

सर्वसामान्यांच्या हाती अर्थातच लायका नव्हता. घराघरांत होता बडोद्यात बनणारा आगफा क्लिक थ्री, १२० च्या रोलवर १२ चौकोनी फोटो काढणारा. फिल्मही देशी मिळे. हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा उटीचा कारखाना १९६७ पासून ‘इंदू’ फिल्म काढत होता. पुढे लग्नाचे आणि वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर निकॉनकडे वळले. त्यांच्यापैकी अनेकांच्या गळ्यात असलेला एफएम२ आजही रस्त्यावर निर्धास्त नेण्याजोगा आहे. १९८२ चं हे मॉडेल. १/४००० सेकंदांचं शटर, आणि तेही पूर्ण यांत्रिक. बॅटरी फक्त मीटरसाठी. ती संपली तरी कॅमेरा चालूच राहतो.

लायका आणि एफएम२ यांतला फरक रस्त्यावर चांगलाच जाणवतो. एफएम२ मध्ये आपण लेन्समधून पाहतो, आणि शटर उघडताना आरसा वर जातो. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघाला नेमका तोच आपल्याला दिसत नाही. लायकाची खिडकी लेन्सपासून वेगळी. तिच्यात चौकटीची रेघ दिसते आणि रेघेबाहेरचं थोडं जगही. बाड्यावर डावीकडून हातगाडी येते आहे, ती चौकटीत शिरायच्या आधी कळते. गर्दीत हा फायदा मोठा. उलट दुकानाच्या आत, एका माणसाच्या हातांवर नेमका फोकस हवा असेल तर आरशाचा कॅमेराच बरा.

हिवाळ्यात गजक बनवणाऱ्यांच्या दुकानात हे फार नीट दिसतं. गुळाचा पाक शिजवून थोडा निवला की तो भिंतीतल्या खुंटीवर टाकून ओढतात, दुमडतात, पुन्हा ओढतात. तपकिरी गोळा बघता बघता फिका पडत जातो आणि वेणीसारखा लांब लोंबतो. मग त्यात भाजलेले तीळ मिसळून गरम असतानाच लाकडी मोगऱ्यांनी कुटायला घेतात. दोघं-तिघं समोरासमोर बसून आळीपाळीने घाव घालतात, एकाचा खाली की दुसऱ्याचा वर. उजेड म्हणजे एखादी ट्यूबलाइट. ४०० ची फिल्म, अ‍ॅपर्चर २, शटर १/६०, कधी १/३० सुद्धा. एवढ्या मंद शटरला खाली येणारी मोगरी धूसर उमटणारच. पण हात पूर्ण वर गेला की तिथे तो क्षणभर थांबतो, मगच खाली येतो. त्या थांब्यावर बटण दाबलं तर मोगरी, मूठ आणि कपाळावरचा घाम तिन्ही स्थिर येतात, आणि समोरच्याचा हात खाली घसरताना धुरासारखा पसरतो. ही लय कानाने पकडायची असते. दोन घावांच्या मधे फिल्म पुढे सारण्याचा खटका ओढायला पुरेसा वेळ मिळतो. असा एक फोटो दिवसभराच्या बाड्यावरच्या फिरण्याइतका मोलाचा वाटतो मला.

“भैया, अखबार में छपेगा क्या?” हा प्रश्न ठरलेला. त्यानंतर कॅमेऱ्याची पाठ बघायला मागतात. तिथे पडदा नसतो. रोल धुतल्यावर प्रिंट आणून देईन, असं सांगावं आणि ते पाळावं. नकार आला तर कॅमेरा खाली घ्यावा, त्यात वाद नाही. प्रिंट हातात पडली की पुढच्या वेळी त्या दुकानात बसायला स्टूल मिळतं, आणि फोटो तिथून खरे सुरू होतात.

ग्वाल्हेरचं एक दृश्य मात्र आता निगेटिव्हवरच शोधावं लागतं. दोन फुटी रुळांवरची श्योपूरची छोटी गाडी घोसीपुऱ्याजवळ घरांच्या उंबऱ्यांना घासून जायची, टपावर माणसं बसलेली. २०२० मध्ये ती थांबली. रुंद रूळमार्ग श्योपूरकडच्या लोकांना हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या गाडीचे ज्यांनी ज्यांनी रोल काढले असतील त्यांनी ते नीट जपावेत, अशी मनापासून विनंती आहे.

जपण्याचा विषय निघाला म्हणून या गावाच्या हवेबद्दल. कोकणात-मुंबईत लेन्सचा शत्रू बुरशी. इथल्या कोरड्या हवेत तिचा जोर ओसरतो आणि तिची जागा धूळ आणि उष्णता घेतात. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या लेन्सच्या फोकसकड्यातलं ग्रीस पातळ होतं आणि त्याचं तेल अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येतं. पाती चिकटतात, १६ वर ठेवलेली लेन्स ४ वरच राहते आणि रोल जळून निघतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या जपानी कॅमेऱ्यांच्या पाठीला लावलेला फोम उन्हाने डांबरासारखा चिकट होतो आणि उजेड आत शिरतो. तो काढून काळी लोकर किंवा मखमल चिकटवावी. जुन्या लायकाचं शटर रबर लावलेल्या कापडाचं असतं. टोपण न लावता लेन्स सूर्याकडे तोंड करून राहिली तर ती भिंगाचं काम करते आणि कापडाला टाचणीएवढं भोक पडतं. मग प्रत्येक फोटोत त्याच जागी पांढरा ठिपका. इथल्या उन्हात टोपणाची हयगय करू नये.

रोल धुणं हा उन्हाळ्यातला खरा कस. डी-७६ डेव्हलपरसाठी पाणी २० अंश हवं, आणि इथे मे महिन्यात टाकीच्या नळाला हात लावता येत नाही. तापमान चढलं की रसायन झपाट्याने काम करतं. एचपी५ फिल्मला २० अंशांवर साडेसात मिनिटं लागतात, तीच २४ वर पाचच्या आसपास येतात. वेळ पाचाच्या खाली गेला की फिल्म ठिकठिकाणी कमीजास्त धुतली जाण्याची भीती. म्हणून रसायनाच्या बाटल्या मोठ्या घमेल्यात बर्फाच्या पाण्यात ठेवायच्या आणि धुवायचं पाणी आदल्या रात्री माठात भरून ठेवायचं. डेव्हलपर, हायपो आणि शेवटचं धुणं या तिन्हींचं तापमान सारखं हवं. थंडातून एकदम गरम पाण्यात गेलेल्या फिल्मवर बारीक सुरकुत्यांचं जाळं उमटतं आणि ते कधीच जात नाही. वाळत घालताना पंखा बंद, खिडकी बंद. ओल्या फिल्मवर बसलेली धूळ घासून निघत नाही.

एवढं सगळं कशासाठी, असं विचारणारे भेटतात. फिल्म महाग झाली आहे हे खरंच. पण इलफर्ड आणि कोडॅक अजून फिल्म बनवतात, लायकाने २०२२ मध्ये एम६ पुन्हा काढला, पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा कोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. दुकानात काही मिळालं नाही तरी घरच्या कपाटात कुठेतरी काकांचा याशिका किंवा झेनिट पडलेला असतोच.

तो काढा. पाठ उघडून प्रत्येक वेगावर शटर मारून बघा, पडदा अडकतो का ते पाहा, फोम बदला. पहिला रोल ४०० चा कृष्णधवल घाला. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या सकाळी हजीऱ्याला जा. तानसेनच्या समाधीजवळ शहनाई होते, हरिकथा होते, मिलाद होते, माणसं जमलेली असतात आणि ऊन तिरकं असतं. अ‍ॅपर्चर ८, फोकस तीन मीटर. लेन्स ३५ ची असेल तर तेवढं पुरे. ५० ची असेल तर अ‍ॅपर्चर ११ वर न्या आणि पाच मीटरच्या पलीकडच्या माणसाचा नाद सोडा.