पिल्लाचे पोट फुगले तर?

शेतावर राखणीला आणलेल्या पिल्लाचे पोट फुगलेले दिसले की आपण म्हणतो, "जंत झाले असतील." बहुधा ते खरेच असते. पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यापासून तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरवड्याला जंताचे औषध द्यावे, ते याचसाठी. परंतु औषध देऊनही पोट उतरत नसेल, तर पुन्हा पुन्हा तेच पाजत बसू नये. क्वचित त्या पोटात मूत्रपिंडाची गाठ असते.

मूत्रपिंडाचा कर्करोग बहुतेक उतारवयातल्या कुत्र्यांना होतो. नेफ्रोब्लास्टोमा नावाचा प्रकार मात्र कोवळ्या वयातही होतो. आईच्या पोटात मूत्रपिंड घडत असताना काही पेशी अर्धवटच राहतात आणि पुढे त्याच वाढून त्यांची गाठ होते. म्हणून यात धन्याचा दोष नाही आणि हा रोग एकापासून दुसऱ्याला लागत नाही. डुकरांमध्येही अशी गाठ आढळते. लहान मुलांमधील अशाच गाठीवर जर्मन शल्यवैद्य माक्स विल्म्स यांनी १८९९ साली ग्रंथ लिहिला. तिला त्यांचेच नाव पडले आहे.

लक्षणे ध्यानात ठेवावीत. पोटात घट्ट गोळा लागतो, भूक मंदावते, पिल्लू वाळत जाते, कधी लघवीतून रक्त पडते. लाल लघवी गोचीडतापानेही होते, तेव्हा निदान डॉक्टरांवरच सोपवावे. गोळा दाबून किंवा चोळून पाहू नये, कारण गाठ फुटण्याचा धोका असतो.

"कुत्र्यासाठी एवढा खर्च करावा का?" असे आम्हांला विचारले जाते. आम्ही म्हणतो, आधी तपासणी तर करा. रक्त व लघवी तपासून सोनोग्राफी करतात आणि छातीचा एक्स-रे काढतात, कारण हा रोग फुप्फुसांत पसरू शकतो. तो पसरलेला नसेल व दुसरे मूत्रपिंड धड असेल, तर बिघडलेले मूत्रपिंड काढून टाकतात. एका निरोगी मूत्रपिंडावर कुत्रे चांगले जगू शकते. शस्त्रक्रियेनंतरही रोग उलटू शकतो, हे मात्र आधीच समजून घ्यावे. रोग पसरला असेल, तर वेदना कमी करणे एवढेच हाती उरते.

म्हणून जंताचे औषध दिल्याची तारीख लिहून ठेवा. आठवड्याभरात पोट उतरले नाही, तर पिल्लाला गुरांच्या दवाखान्यात न्या. पोटात गोळा लागला किंवा लघवी लाल झाली, तर आठवडाही थांबू नका.