आरसा गेला आणि जुनी भिंगं परत आली

१९६५ साली जपानमध्ये किंवा सोव्हिएत रशियात तयार झालेली लेन्स कालच दुकानातून आणलेल्या कॅमेऱ्यावर बसवली, तर ती उत्तम फोटो काढते. तिच्यात बॅटरी नाही, मोटर नाही, विजेचा एकही संपर्कबिंदू नाही. ज्या कॅमेऱ्यासाठी ती घडवली त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले, ज्या फिल्मवर ती प्रतिमा पाडायची ती फिल्म दुर्मीळ झाली, काही लेन्स ज्या देशात तयार झाल्या तो देशच नकाशावरून पुसला गेला. लेन्स मात्र प्रकाश गोळा करण्याचं आपलं काम पहिल्या दिवसासारखंच करते आहे. हे शक्य झालं ते काही मिलिमीटरच्या एका अंतरामुळे.

कॅमेऱ्यावर लेन्स जिथे टेकते त्या धातूच्या कड्याला माउंट म्हणतात. या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर म्हणजे फ्लँज अंतर. लेन्स घडवताना कारागीर हे अंतर गृहीत धरतो आणि फोकसची रिंग अनंतावर ठेवली की दूरचा डोंगर बरोबर फिल्मवर उमटेल अशी भिंगांची जागा ठरवतो. जवळची वस्तू टिपायची तर भिंग आणखी पुढे सरकावं लागतं, आणि रिंग फिरवताना आपण नेमकं तेच करत असतो. या अंतराला चूक खपत नाही. ५० मिमीची लेन्स केवळ १ मिमी जास्त पुढे बसली, तर साधारण अडीच मीटरच्या पलीकडचं काहीच फोकसमध्ये येत नाही. डोंगर, देऊळ, रस्त्यापलीकडचा माणूस, सगळं धूसर होतं. एका मिलिमीटरने सगळं जग अडीच मीटरांत कोंडलं जातं!

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्या मधे एक तिरका आरसा असे. तो लेन्समधून आलेला प्रकाश वर दृश्यदर्शकात पाठवायचा आणि बटण दाबलं की झटकन उचलला जायचा. त्याला हलायला जागा हवी, म्हणून यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचं फ्लँज अंतर ४० मिमीच्या वर राहिलं. कॅनन एफडीचं ४२, मिनोल्टाचं ४३.५, एक्झॅक्टाचं ४४.७, पेंटॅक्सचं ४५.४६, ऑलिंपस ओएमचं ४६ आणि निकॉन एफचं ४६.५ मिमी. मोठ्या अंतराची लेन्स छोट्या अंतराच्या कॅमेऱ्यावर बसवता येते, कारण उरलेल्या जागेत अ‍ॅडॉप्टरची चकती मावते. उलट जोडी मात्र जमत नाही, आणि एसएलआरच्या आपसांतल्या एवढ्याशा फरकात चकतीलाही क्वचितच जागा उरते. म्हणून दशकानुदशकं बहुतेक कंपन्यांच्या लेन्स आपापल्या घरात अडकून पडल्या होत्या.

मग मिररलेस कॅमेरे आले आणि आरसाच गेला. २००८ साली आलेल्या मायक्रो फोर थर्ड्सचं फ्लँज अंतर १९.२५ मिमी आहे, २०१० च्या सोनी ई माउंटचं १८, फुजीफिल्म एक्सचं १७.७, २०१८ च्या कॅनन आरएफचं २० आणि निकॉन झेडचं तर फक्त १६ मिमी. आरशाची जागा मोकळी झाली, आणि गेल्या शतकातल्या एसएलआरच्या जवळजवळ सगळ्या लेन्स आता त्या जागेत मावतात. ४५.४६ मधून १८ वजा केले की उरतात २७.४६ मिमी. एवढ्या उंचीची धातूची पोकळ नळी, म्हणजेच अ‍ॅडॉप्टर, मधे लावली की पेंटॅक्सची जुनी लेन्स सोनीवर अचूक बसते. नळीत एकही काच नसते. त्यात असतं ते फक्त योग्य अंतर.

जुन्या लेन्सशी ओळख करून घ्यायची तर एम ४२ या माउंटपासून सुरुवात करावी. १९४५ च्या बॉम्बवर्षावात होरपळलेल्या ड्रेस्डेन शहरातून १९४९ साली दोन कॅमेरे बाहेर पडले, काँटॅक्स एस आणि प्राक्टिका. दोन्हींवर लेन्स बरणीच्या झाकणासारखी आट्यांवर फिरवून बसवायची होती. आट्यांचा व्यास ४२ मिमी आणि लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी. ही पद्धत इतकी सोपी होती की १९५७ साली जपानच्या असाही कंपनीने आपल्या पेंटॅक्ससाठी तीच घेतली. पुढे सोव्हिएत झेनिट, यशिका, फुजिका, चिनॉन, रिको अशा कितीतरी कंपन्यांनी तिचाच आधार घेतला. पूर्व जर्मनीतली लेन्स जपानी कॅमेऱ्यावर आणि रशियन लेन्स जर्मन कॅमेऱ्यावर चढू लागली. शीतयुद्धाने जगाचे दोन तुकडे केलेले असताना हे ४२ मिमीचं कडं दोन्हीकडे एकच होतं.

हातात एखादी अनोळखी लेन्स आली, तर आधी तिचं तोंड वाचावं. पुढच्या काचेभोवतीच्या कड्यावर कंपनीचं आणि लेन्सचं नाव, केंद्रांतर, सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) आणि अनुक्रमांक कोरलेले असतात. नावावरूनच कूळ कळतं. निक्कोर म्हणजे निकॉन, रोक्कोर म्हणजे मिनोल्टा, झुइको म्हणजे ऑलिंपस, टाकुमार म्हणजे पेंटॅक्स, हेक्सानॉन म्हणजे कोनिका. अनुक्रमांकही बोलका असतो. सोव्हिएत लेन्सवर त्याचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा निर्मितीचं वर्ष सांगतात. व्हिविटार ही कंपनी स्वतः लेन्स बनवत नसे, इतरांकडून बनवून घेत असे. तिच्या अनेक लेन्सवर क्रमांक २८ ने सुरू झाला तर ती कोमिनेने, ३७ ने सुरू झाला तर टोकिनाने केलेली असते.

मग लेन्स उलटी करावी. मागे आटे आहेत की खाचांचं कडं, म्हणजेच बेयोनेट, हे पाहावं. अ‍ॅपर्चरच्या रिंगवर धातूचं छोटं दुबेळकं असेल तर ती १९५९ पासूनच्या निकॉन एफ घराण्यातली. लेन्सच्याच अंगावर समोरासमोर दोन बटणं असतील तर ती बहुधा ऑलिंपस ओएम. मागच्या बाजूला स्वतंत्र फिरणारं चंदेरी कडं असेल तर कॅननची जुनी एफडी किंवा एफएल.

आट्यांच्या लेन्सच्या बाबतीत दोन ठिकाणी जपून राहावं. टी २ नावाच्या माउंटचा व्यासही ४२ मिमीच आहे, पण आट्यांमधलं अंतर ०.७५ मिमी आणि फ्लँज अंतर ५५ मिमी. अशी लेन्स एम ४२ च्या अ‍ॅडॉप्टरवर एखादा वेढा फिरते आणि अडते. तिथे जोर लावला की आटे मरतात. ३९ मिमीच्या आट्यांचंही तसंच. लायकाच्या जुन्या लेन्स ३९ मिमीच्या आणि सुरुवातीच्या झेनिटच्याही ३९ मिमीच्या, पण लायकाचं फ्लँज अंतर २८.८ मिमी आणि झेनिटचं ४५.२ मिमी. दोन्ही एकाच अ‍ॅडॉप्टरवर सुरेख बसतात, पण चुकीची जोडी असेल तर फोकस कधीच लागत नाही. लेन्स कितीही नीट बसली, तरी अनंतावर ठेवून दूरची इमारत स्पष्ट दिसते का, हीच खरी परीक्षा.

टी २ चं मूळ असलेलं टी माउंट तामरॉनने १९५७ साली आणलं, आणि त्यामागची कल्पना विलक्षण होती. लेन्स एकच ठेवायची आणि तिचं मागचं कडं कॅमेऱ्याप्रमाणे बदलायचं. तामरॉनच्याच १९७३ च्या अ‍ॅडॅप्टॉल माउंटने हीच कल्पना पुढे नेली. गिऱ्हाइकाने कॅमेरा बदलला तर नवी लेन्स नको, फक्त नवं कडं हवं. टी २ माउंट आजही जिवंत आहे. हौशी आकाशनिरीक्षक दुर्बिणीला कॅमेरा जोडतात तो बहुतेक वेळा याच आट्यांवर.

या कड्यांवर इतिहासही कोरलेला सापडतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर कार्ल झाइस ही जगप्रसिद्ध कंपनी दुभंगली. मूळ गाव येना सोव्हिएत ताब्यात गेलं, आणि अमेरिकनांनी पश्चिमेकडे नेलेल्या तज्ज्ञांनी ओबरकोखेनला दुसरा कारखाना उभारला. झाइस हे नाव कुणाचं यावर खटले चालले. त्यामुळे पश्चिमेत विकायच्या पूर्व जर्मन लेन्सवर पूर्ण नाव टाळून नुसतं ‘आउस येना’, म्हणजे ‘येनाहून’, आणि टेसार या लेन्सच्या नावाऐवजी फक्त ‘टी’ असं कोरलेलं दिसतं. एका अक्षरात फाळणीची खूण उरली आहे.

मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने झाइसच्या बायोटार या लेन्सवरून हेलिऑस-४४ तयार केली. केंद्रांतर ५८ मिमी, अ‍ॅपर्चर एफ/२, सहा भिंगं चार गटांत. प्रिझममधून वाकून जाणारा किरण ही या कारखान्याची खूण. झेनिटबरोबर ही लेन्स लाखोंच्या संख्येने जगभर गेली, म्हणून ती आजही स्वस्तात मिळते. पानांनी भरलेल्या झाडासमोर माणूस उभा करून एफ/२ वर फोटो घ्या. त्याच्यामागचे प्रकाशाचे ठिपके भोवऱ्यात सापडल्यासारखे गोल फिरताना दिसतील. लेन्सच्या नळीमुळे कडेचे किरण अर्धवट अडतात, त्यामुळे कडेचे ठिपके गोल न राहता लांबट, टोकांना निमुळते होतात आणि सगळे मिळून मध्याभोवती वर्तुळ धरतात. जोडीला फोकसची पातळीही सपाट नसून वाकलेली असते. प्रकाशशास्त्राच्या हिशेबात हे दोष आहेत. आधुनिक लेन्सनी ते मेहनतीने काढून टाकले, आणि आता याच दोषांसाठी लोक ही लेन्स शोधत हिंडतात.

पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ ची कथा तर भूगर्भापर्यंत जाते. तिच्या नंतरच्या आवृत्तीतल्या काचेत थोरियम मिसळलेलं आहे. थोरियममुळे काच प्रकाश जास्त वाकवते आणि रंग मात्र फारसे फाकत नाहीत. थोरियम किरणोत्सारी असल्याने ही काच वर्षांगणिक पिवळी पडते. अतिनील प्रकाशात किंवा उन्हात काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. थोरियमचं अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षं आहे, म्हणजे विश्वाच्या वयाइतकं. लेन्स नेहमीसारखी वापरायला हरकत नाही. तिची काच फोडू किंवा घासू मात्र नये, आणि उन्हात ठेवताना मागे कागद-कापड असू नये, कारण भिंग आग लावू शकतं.

आता प्रत्यक्ष वापर. कॅमेऱ्याला अशी जुनी लेन्स दिसतच नाही, म्हणून मेनूत जाऊन लेन्सशिवाय शटर चालू देण्याची परवानगी द्यावी लागते. कॅमेऱ्यात स्थिरीकरण असेल तर केंद्रांतराचा आकडा हाताने भरावा. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी ठेवावा. अ‍ॅपर्चर आपण लेन्सच्या रिंगवर ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवेल. फोकससाठी प्रतिमा मोठी करून पाहावी, किंवा स्पष्ट कडा रंगवून दाखवणारं फोकस पीकिंग चालू करावं. एम ४२ लेन्सच्या मागे बारीक पिन असेल आणि अ‍ॅडॉप्टर ती दाबत नसेल, तर रिंग फिरवूनही अ‍ॅपर्चर पूर्ण उघडंच राहतं. अशा वेळी लेन्सवरचं ‘ऑटो-मॅन्युअल’ बटण मॅन्युअलवर सरकवावं.

रिंगवरचे २, २.८, ४, ५.६, ८, ११ हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांत वर्गमूळ दोनचं गणित आहे. प्रत्येक पायरीला छिद्राचं क्षेत्रफळ निम्मं होतं, म्हणून प्रकाशही निम्मा. शेजारची, कुठपासून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते दाखवणारी फोकसच्या खोलीची पट्टी तर ऑटोफोकसच्या काळात लोक विसरूनच गेले. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स एफ/८ वर ठेवून ५ मीटरवर लावा. सुमारे अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग वारीत किंवा बाजारात फोकसला हातही लावावा लागत नाही.

विकत घेण्याआधी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून एका बाजूने टॉर्च मारावा आणि दुसऱ्या बाजूने पाहावं. धुळीचे चार कण असले तरी बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती काचेवरचा लेप खाते आणि कायमचे डाग सोडते. अ‍ॅपर्चरच्या ब्लेडवर तेल चकाकत असेल तर त्या अडकतात. आतल्या ग्रीसचं खळ झालं असेल तर फोकस रिंग जड फिरते, पण ते साफ करून मिळतं. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजार परिसरात कॅमेऱ्याची जुनी दुकानं आहेत. तिथे लेन्स हातात घेऊन तपासता येते.

आपल्याकडे बुरशी हाच या लेन्सचा मोठा शत्रू. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या बरीच वर असते, आणि चामड्याचं कव्हर ती ओल धरून ठेवतं. लेन्स त्या कव्हरातून काढा, हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि अधूनमधून बाहेर काढून वापरा.

कितीतरी मराठी घरांत वडिलांनी किंवा काकांनी घेतलेली यशिका, पेंटॅक्स नाहीतर झेनिट कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून आहे. कॅमेरा बंद असेल, पण त्याची लेन्स चालू असण्याची शक्यता मोठी आहे. या पावसाळ्याआधी ती खाली काढा, तोंडावरची अक्षरं वाचा, टॉर्च मारून पाहा. आटे ४२ मिमीचे निघाले तर साधं अ‍ॅडॉप्टर नव्या लेन्सच्या किमतीच्या अगदी छोट्या भागात मिळतं. तुम्हाला वापरायची नसेल तर फोटोग्राफी शिकणाऱ्या एखाद्या मुलामुलीला द्या, पण भंगारात घालू नका.